नळीत गज घालण्याआधी

गोळ्या झाडून रायफलची नळी जितकी झिजते, त्याहून कितीतरी जास्त ती चुकीच्या साफसफाईने खराब होते. मुलाची किंवा मुलीची रायफल घरी पुसायला घेणाऱ्या पालकांना हे आधी सांगायला हवं, कारण बहुतेकांची समजूत उलट असते. जितकं घासू तितकं चांगलं, असं त्यांना वाटतं.

नेमबाज तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली. १ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं. कोल्हापूर, पुणे, मुंबईत पॉइंट टू-टू रायफल घेऊन सरावाला जाणारी मुलं आता नवलाची राहिलेली नाहीत. या रायफलची गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची आणि ५० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. एवढ्याशा ठिपक्यावर गोळी पुन्हापुन्हा नेणारी वस्तू म्हणजे ती नळी. नव्या नळीची किंमत आणि ती मिळवण्यातले परवान्याचे सोपस्कार ज्यांनी भोगलेत, त्यांना वेगळं सांगायला नको.

सफाईला बसण्याआधी मॅगझिन असेल तर काढा, बोल्ट काढा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही तपासा. काडतुसं त्या खोलीतच नकोत. रिकामी आहे असं दुसऱ्याने सांगितलं, तरी स्वतः बघायचं.

आता मुख्य मुद्दा. गज, म्हणजे क्लीनिंग रॉड, नेहमी मागून, चेंबरच्या बाजूने घालायचा. पुढच्या तोंडातून कधीच नाही. गोळी नळी सोडते त्या क्षणी तिच्यामागचा वायू चारी बाजूंनी सारखा सुटावा लागतो. तोंडाच्या कडेला, जिला नेमबाज क्राऊन म्हणतात, एका बाजूला ओरखडा पडला की वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीची शेपूट कलते. मग नेम कितीही पक्का असो, गोळ्यांचं ग्रूपिंग पसरतं. पोरगं बिचारं आपल्या श्वासाला आणि ट्रिगरला दोष देत बसतं.

मागून घातलेला गजही आतल्या आट्यांना घासू नये म्हणून बोअर गाइड वापरा. ही बोल्टच्या जागी बसणारी साधी नळकांडी असते आणि गजाला मधोमध धरून ठेवते. गज एकसंध हवा, शक्यतो लेप दिलेला. तुकडे जोडून केलेल्या गजाच्या सांध्यांना कडा असतात. रायफल अशी ठेवा की नळीचं तोंड किंचित खाली राहील, म्हणजे मळ सोडवणारा सॉल्व्हंट ट्रिगरकडे आणि लाकडात उतरणार नाही. गजाच्या टोकाला लावलेली चिंधी तोंडातून पूर्ण बाहेर आली की काढून टाका आणि मगच गज मागे घ्या. काढलेला मळ पुन्हा नळीतून ओढण्यात काय अर्थ आहे? एनसीसीत पुल-थ्रू, म्हणजे चिंधी बांधलेली दोरी, वापरतात. तिथे दोरी सरळ रेषेत ओढा. तिरकी ओढली तर दोरीसुद्धा वर्षानुवर्षांनी तोंडाची कड खाते.

सॉल्व्हंटची पहिली चिंधी काळी येते, तिच्यावर शिशाच्या करड्या रेघा दिसतात. दुसरी करडी, तिसरी-चौथी फिकट. तिथे थांबा आणि एक कोरडी चिंधी फिरवा. पांढरीशुभ्र चिंधी येईपर्यंत घासण्याचा हट्ट नको. कधी चिंधीवर हिरवट-निळी झाक दिसते आणि नवशिक्या घाबरतो. ती झाक तांब्याची खूण असते, पण पॉइंट टू-टूच्या साध्या शिशाच्या गोळीत तांबं नसतं. तो रंग बहुतेकदा गजाच्या पितळी टोकाचा किंवा ब्रशचाच असतो. तांबं काढणारे अमोनियाचे जहाल सॉल्व्हंट या नळीला लागत नाहीत.

ब्रश रोज नको. चेंबरच्या लगेच पुढे जळक्या मळाचं कडं जमतं, तेवढ्यापुरता कांस्य तारांचा ब्रश अधूनमधून वापरा. पोलादी तारेचा मुळीच नको. ब्रश नळीच्या मध्येच उलटा फिरवू नका. माझं मत विचाराल तर दोन-तीनशे गोळ्यांनंतर चिंध्यांची हलकी सफाई पुरते. स्पर्धेच्या सकाळी मात्र नळीला हात लावू नका. धुतलेल्या नळीत गोळीवरच्या मेणाचा आणि शिशाचा थर पुन्हा बसेपर्यंत पहिल्या काही गोळ्या भलतीकडे जातात.

एअर रायफलला एवढंही लागत नाही. आतून फेल्टच्या गुंडाळ्या गेल्या की झालं. तिच्यात तेल ओतू नका. स्प्रिंगच्या बंदुकीत ते दाबाखाली पेट घेतं.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. फोमचं अस्तर असलेली पेटी ही ने-आण करण्यासाठी आहे, साठवणीसाठी नाही. फोम ओल धरून ठेवतो आणि जिथे टेकतो तिथेच गंजाचे ठिपके उठतात. एसी गाडीतून थंड झालेली रायफल बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. ते पूर्ण सुकल्याशिवाय पेटी बंद करू नका. घामाची बोटं पुसा. गन ऑइलचा पातळ हात बाहेरून आणि आतून द्या, कपाटात सिलिका जेल ठेवा. खोबरेल तेल वापरू नका, ते थिजतं आणि चिकटतं. झाडण्याआधी आतलं तेल कोरड्या चिंधीने काढायला विसरू नका.

गोळी झाडल्यावर आवाज दबका आला, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. चिंधी अडकली तरी ती झाडून बाहेर काढायचा विचारही करू नका. अशा वेळी परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच जा. क्राऊन नव्याने कापणं किंवा नळी आखूड करणं हे घरचं काम नाही. शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय तसं करणं गुन्हा आहे.

चिंध्यांवर शिसं असतं. त्या उघड्यावर टाकू नका, जेवणाच्या टेबलावर सफाई करू नका, नंतर साबणाने हात धुवा. घरात लहान मूल असेल तर हे आधी पाळा.

क्लब आणि महाविद्यालयं चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. सामाईक रायफली सगळे वापरतात आणि कुणाच्याच नसतात. प्रत्येक रायफलीला एक वही ठेवा. त्यात तारीख, किती गोळ्या झाडल्या आणि सफाई कुणी केली, एवढं लिहा. शस्त्रागारात एक चांगला गज आणि एक बोअर गाइड कायम टांगलेला असू द्या. येत्या मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, सगळ्या नळ्या एकदा उजेडात धरून बघा.