‘पाण्याच्या स्मृती’चा शोध आणि बोध

होमिओपॅथीच्या पदवीधरांना आधुनिक औषधे लिहून देण्याची मुभा असावी की नसावी, हा महाराष्ट्रातील वाद काही नवा नाही. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांना ही मुभा देण्यात आली. २०२५ मध्ये त्यांच्या नोंदणीचा प्रश्न पुढे येताच इंडियन मेडिकल असोसिएशनने विरोध केला आणि सप्टेंबरमध्ये राज्यातील डॉक्टरांनी एक दिवसाचा संपही केला. चर्चा झाली ती हक्क, नोंदणी आणि ग्रामीण भागातील डॉक्टरांच्या टंचाईची. होमिओपॅथीची गोळी नेमके काय करते, हा मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. त्याला समर्थकांकडून अलीकडे दिले जाणारे ‘शास्त्रीय’ उत्तर म्हणजे पाण्याची रचना. हे उत्तर तपासून पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

या उत्तराची गरज का भासली, हे साध्या गणितावरून कळते. ‘३०सी’ औषध तयार करताना मूळ द्रव्य शंभरपट विरल करण्याची क्रिया तीस वेळा केली जाते. म्हणजे एकूण विरलता होते १ वर ६० शून्ये इतकी. अठरा ग्रॅम पाण्यात रेणू असतात ते सुमारे ६०२२ वर २० शून्ये इतके. त्यामुळे ‘१२सी’च्या पुढे मूळ द्रव्याचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. सॅम्युएल हानेमान यांनी १७९६ मध्ये आपला सिद्धांत मांडला, तेव्हा रेणू मोजण्याचे साधन कोणाकडेच नव्हते. आज ते आहे. द्रव्य उरले नाही तरी त्याचा ठसा पाण्यात उरतो, ही कल्पना या अडचणीतूनच पुढे आली.

फ्रान्सचे रोगप्रतिकारशास्त्रज्ञ जॅक बेनव्हेनिस्त यांच्यामुळे या कल्पनेला जागतिक प्रसिद्धी मिळाली. प्रतिपिंडाचे द्रावण रेणूही उरणार नाही इतके विरल केले, तरी रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशी त्याला प्रतिसाद देतात, असा त्यांच्या चमूचा निबंध जून १९८८ मध्ये ‘नेचर’ने छापला. प्रयोगशाळेत येऊन तपासणी करू द्यावी, या अटीवर. त्यानुसार संपादक जॉन मॅडॉक्स, वॉल्टर स्ट्युअर्ट आणि जादूगार जेम्स रँडी पॅरिसजवळच्या प्रयोगशाळेत गेले. कोणत्या नळीत औषध आणि कोणत्या नळीत नुसते पाणी, हे मोजणाऱ्यांपासून लपवून ठेवताच परिणाम नाहीसा झाला. बेनव्हेनिस्त मात्र २००४ मध्ये निधन होईपर्यंत आपल्या दाव्यावर ठाम होते.

पाण्याला रचना असते, हे खरेच आहे. त्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी परस्परांशी जोडलेले असतात. बर्फ पाण्यावर तरंगतो आणि पाण्याची घनता चार अंश सेल्सियसला सर्वाधिक असते, ते या बंधांमुळेच. रस्टम रॉय या पदार्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये याच रचनेचा आधार घेऊन होमिओपॅथीचे स्पष्टीकरण शक्य असल्याचे सुचवले. रासायनिक घटक तोच असूनही ग्रॅफाइट आणि हिरा वेगळे असतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. पण हिरा घन आहे, पाणी द्रव. द्रव पाण्यातील हायड्रोजन बंध सेकंदाच्या साधारण लाखकोटीव्या भागात तुटतात आणि नव्याने जुळतात. २००५ मध्येच ‘नेचर’मधील एका निबंधाने दाखवले की, पाण्याच्या जाळ्यातील रचनेचा मागमूस ५० फेम्टोसेकंदांत, म्हणजे त्या लाखकोटीव्या भागाच्याही विसाव्या हिश्श्यात पुसला जातो. औषधाच्या बाटलीला तर महिनोन् महिने टिकणारी स्मृती हवी.

शिवाय द्रावण साखरेच्या गोळ्यांवर टाकून वाळवले जाते. पाणी आणि अल्कोहोल उडून गेल्यावर स्मृती राहते कशात? आणि पाणी वाटेत भेटलेले असंख्य क्षार विसरून औषध तेवढे लक्षात ठेवते, ते कसे? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे अद्याप मिळालेली नाहीत.

याच संदर्भात मुंबईच्या आयआयटीतील संशोधनाचा दाखला हमखास दिला जातो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधात, धातूंपासून बनवलेल्या ‘६सी’ ते ‘२००सी’ औषधांत त्या धातूंचे नॅनोकण आढळल्याचे म्हटले होते. पण हा निष्कर्ष पाण्याच्या स्मृतीला पूरक नसून छेद देणारा आहे. द्रव्य उरतच असेल, तर स्मृतीची गरज काय? कणांचे प्रमाणही ‘६सी’ आणि ‘२००सी’मध्ये फारसे वेगळे नव्हते. मग विरलतेबरोबर औषधाची शक्ती वाढते, या तत्त्वाचे काय होते? कण सापडणे आणि त्यांनी रोग बरा होणे, यांतही मोठे अंतर आहे.

स्पष्टीकरण नाही म्हणून औषध नाकारावे, असा विज्ञानाचा आग्रह कधीच नसतो. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात होते. ते कसे काम करते हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. पण ॲस्पिरिनने ताप उतरतो याबद्दल शंका नव्हती. होमिओपॅथीत नेमके तेच सिद्ध व्हायचे आहे. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ने होमिओपॅथीच्या ११० आणि आधुनिक औषधांच्या ११० चाचण्यांची तुलना प्रसिद्ध केली. मोठ्या व काटेकोर चाचण्यांत होमिओपॅथीचा परिणाम नकली गोळीहून वेगळा असल्याचा भक्कम पुरावा आढळला नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये असाच निर्वाळा दिला. बेनव्हेनिस्त यांच्या फ्रान्सनेही १ जानेवारी २०२१ पासून या औषधांची सरकारी भरपाई बंद केली.

अनेक रुग्णांना होमिओपॅथीने बरे वाटते, हा अनुभव खोटा नाही. डॉक्टरने निवांत ऐकून घेणे, काही दुखणी आपोआप ओसरणे आणि मनाला मिळणारा दिलासा यांचा त्यात वाटा असतो. धोका उद्भवतो तो न्यूमोनिया वा मधुमेहासारख्या आजारात खात्रीच्या उपचारांना उशीर झाल्यावर.

महाराष्ट्रापुढील पेच यामुळेच अधिक गंभीर आहे. आधुनिक औषधशास्त्रात मात्रेनुसार परिणाम बदलतो. होमिओपॅथीत मात्रा नाहीशी होत जाईल तशी शक्ती वाढते. एकाच दवाखान्यात, एकाच चिठ्ठीवर ही दोन्ही तत्त्वे नांदणार असतील, तर कोणते औषध कशाच्या आधारावर दिले जात आहे, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला हवा. नोंदणीचा तिढा कायद्याने सुटेल. पुराव्याचा प्रश्न मात्र चाचण्यांनीच सुटू शकतो.