दफ्तराबाहेरचे गुन्हे

भारतातील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल १९५३ पासून प्रसिद्ध होत असला, तरी त्यात गणना होते ती केवळ पोलीस ठाण्याच्या दफ्तरी दाखल झालेल्या गुन्ह्यांची. लोकलज्जेने, दहशतीने अथवा कोर्टकचेरीचे खेटे नकोत म्हणून जे मुकाट राहिले, त्यांच्या दुःखाची नोंद त्यात होत नाही. अमेरिकेने १९७२ पासून आणि ब्रिटनने १९८२ पासून, घरोघरी प्रगणक धाडून, आपणांवर काय गुदरले व ते पोलिसांस कळविले काय, अशी विचारणा प्रत्यक्ष नागरिकांकडेच आरंभिली, तेव्हा दफ्तरांत न उमटलेला गुन्ह्यांचा फार मोठा अंश उजेडात आला. म्हणूनच दफ्तरी फिर्यादी वाढणे हे पुष्कळदा पोलिसांवरील विश्वास वाढल्याचेच लक्षण असते. त्याबद्दल फौजदारास जाब विचारणे अन्यायाचे होय. खरे चित्र कळावे म्हणून केंद्र सरकारने अशी घरोघरची पाहणी नियमितपणे हाती घ्यावी, आणि ती पोलीस खात्याकडे न सोपविता स्वतंत्र सांख्यिकी यंत्रणेकडे द्यावी.