गाडी थरथरते? आधी चाचणी, मग खर्च

दुकानाच्या मालासाठी मी जुनी एसयूव्ही घेतली. चढावर इंजिनचा आवाज वाढायचा, पण गाडी ओढायची नाही. गॅरेजवाला म्हणाला, "इंजिनचं काम निघालंय." मी ॲडव्हान्स देणारच होतो! दुसऱ्याला दाखवलं, तर क्लच प्लेट संपलेली.

माझं स्पष्ट मत आहे: त्रास नेमका कधी होतो, हे वहीत लिहिल्याशिवाय एक रुपयाही काढू नका.

मॅन्युअल गाडी असेल तर मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये, ताशी ५० च्या आसपास, ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम झटकन वाढला आणि वेग तसाच राहिला, तर क्लच घसरतोय. फक्त पहिल्या गिअरमध्ये उचलताना थरथर असेल, तर क्लच प्लेटला ऑइल लागलंय का आणि इंजिन माउंटिंग बसलंय का, ते बघा. वेगात असताना क्लच दाबूनही थरथर राहिली, तर आधी व्हील बॅलन्सिंग आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तपासा. फक्त ब्रेक मारल्यावर हादरते? मग ब्रेक डिस्क बघा.

गाडी उभी राहिली की माल अडतो, घाई होते, हे मला कळतं. पण घाईत बदललेल्या पार्टचे पैसे कुणी परत देत नाही. तुमची गाडी नेमकी कधी थरथरते? आजच लिहून काढा.