ठाण्यावर नजर कुणाची?



पोलिसांवर लोकांनी निवडून दिलेल्या मंडळींची देखरेख असावी, ही मागणी आता आपल्या बैठकांतूनही ऐकू येते. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत काम करताना मला ती पटते, आणि तिची भीतीही वाटते. दोन्ही का, ते इथे मांडते.

आज काय आहे ते आधी पाहू. गावात पोलीस पाटील असतो. 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली त्याची नेमणूक प्रांत करतात. वतनदारी गेली हे उत्तमच झालं, पण पोलीस पाटील काही गावाने निवडलेला नसतो. त्याच्या वर ठाणं, उपअधीक्षक, पुणे ग्रामीणचे अधीक्षक, आणि शेवटी मुंबईतलं गृहखातं. ग्रामपंचायतीत 2011 पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण गावातल्या किती बायकांची तक्रार न नोंदवता परत पाठवली, हे विचारायचा अधिकार सरपंच बाईला नाही. ठाण्यातल्या महिला दक्षता समितीत कोण बसणार, हे बहुतेक ठिकाणी ठाणंच ठरवतं. ज्याच्यावर नजर ठेवायची त्यानेच नजर ठेवणारी निवडायची, असा हा प्रकार!

सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात 22 सप्टेंबर 2006 रोजी सांगितलं होतं की, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण हवं. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायदा बदलला, पण जिल्ह्याऐवजी महसूल विभागाला एक प्राधिकरण दिलं. म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांना मिळून एक. त्यावर निवृत्त न्यायाधीश आणि नेमलेले सदस्य. इंदापूर तालुक्याच्या टोकाच्या गावातली बाई एक दिवसाची मजुरी बुडवून, लेकरू कडेवर घेऊन तिथवर कशी पोचणार?

म्हणून निवडलेली देखरेख हवी, असं म्हणावंसं वाटतं. पण आपल्या भागात निवडून कोण येतं? साखर कारखाना, दूध संघ, बँक, बाजार समिती, पंचायत समिती. संस्था वेगवेगळ्या, घरं बरीचशी तीच. नवऱ्याने मारलं म्हणून एखादी बाई ठाण्यात पोचायच्या आत संचालकाचा फोन पोचलेला असतो, हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलं आहे. "ताई, घरातलं भांडण आहे, मिटवून घ्या." हा फोन आज चोरून येतो. उद्या तोच माणूस निवडून आलेल्या समितीचा अध्यक्ष म्हणून खुर्चीत बसला, तर तो उजळ माथ्याने येईल.

ही भीती हवेतली नाही. 15 ऑगस्ट 2007 पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. समिती ग्रामसभेतून, सोबत पोलीस पाटील आणि पोलीस, आणि तंटे मिटवणाऱ्या गावाला बक्षीस. बांधावरची, पाण्याची भांडणं गावात मिटली, कोर्टाचे हेलपाटे वाचले, हे नाकारायचं कारण नाही. पण बाईचा छळ हा 'तंटा' होतो तेव्हा काय होतं? दोन बाजू समान धरल्या जातात, समेटाच्या कागदावर सही होते, आणि बाई त्याच घरात परत जाते. मिटलेल्या तंट्यांच्या आकड्यात तीही मोजली जाते. गावाने निवडलं म्हणजे बाईच्या बाजूने निवडलं, असं होत नाही.

आणखी एक प्रश्न. ज्यांना इथे मत नाही त्यांचं काय? गाळप हंगामात बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोड करणाऱ्या बायका इथल्या फडांवर येतात. मतदार यादीत नाव तिकडे, अत्याचार झाला तर ठाणं इकडे. एमआयडीसीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलींचंही तेच. पारधी वस्तीतल्या बाईला तर पोलिसांकडे जायचीच भीती. 1871 च्या कायद्याने या जमातीवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का 1952 मध्ये कागदावरून पुसला गेला, गावाच्या मनातून नाही. बहुमताने चालणारी समिती तिला संरक्षण देईल, की तिची वस्ती उठवायला पोलीस बोलावेल?

परदेशातला अनुभवही पाहावा. इंग्लंड-वेल्समध्ये 41 पोलीस विभागांसाठी नोव्हेंबर 2012 मध्ये पहिल्यांदा पोलीस आयुक्त मतदानाने निवडले गेले. मतदान झालं जेमतेम 15 टक्के. नोव्हेंबर 2025 मध्ये तिथल्या सरकारने हे पद 2028 मध्ये रद्द करण्याचं जाहीर केलं. एक माणूस निवडून सगळा अधिकार त्याच्या हाती दिला म्हणजे पोलीस लोकांचे झाले, असं तिथेही झालं नाही.

मग मागणी सोडून द्यायची का? मुळीच नाही. मथुरा प्रकरणानंतर, 1979-80 पासून, आपली चळवळ रस्त्यावर आली आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. 2013 मध्ये आणखी एक कलम आलं. बलात्कार, विनयभंग यांसारख्या गुन्ह्यांची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाच शिक्षा. कायदे आले, पण ठाण्याच्या टेबलाशी रोज काय घडतं ते पाहणारं कुणी आलं नाही. ती जागा आपल्याला हवी आहे. फक्त तिची चौकट आपण ठरवायची.

माझ्या मते ती अशी असावी. प्रत्येक ठाण्यासाठी समिती असावी, निम्म्याहून जास्त बायका, आणि त्या महिला ग्रामसभांनी निवडलेल्या. कारखाना, बँक किंवा पक्षाचं पद असलेल्यांना तिथे जागा नको. ऊसतोड, एमआयडीसी आणि भटक्या-विमुक्त बायकांसाठी राखीव जागा, मतदार यादीची अट न घालता. समितीला एखाद्या गुन्ह्याच्या तपासात, अटकेत किंवा समेटात बोट घालायचा अधिकार अजिबात नसावा. अधिकार असावा विचारायचा. किती बायका आल्या, किती तक्रारी नोंदल्या, किती परत पाठवल्या, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली किती प्रकरणं संरक्षण अधिकाऱ्याकडे गेली, ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत का. दर तीन महिन्यांनी याची उत्तरं ठाणे अंमलदाराने भर सभेत द्यायची, बाईचं नाव कुठेही न घेता.

यासाठी कायदा बदलावा लागेल, आणि त्याला वेळ लागेल. पण ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची तरतूद आजही कायद्यात आहे, आणि माहितीचा अधिकार 2005 पासून हातात आहे. बारामती-इंदापूरच्या गटांनी आपापल्या ठाण्याचे हे आकडे माहिती अधिकारात मागावेत, ते महिला ग्रामसभेत मोठ्याने वाचावेत आणि समितीच्या मागणीचा ठराव करून घ्यावा. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला आहे ना, हे सही करण्याआधी नीट वाचून घ्यावं. एवढं काम पुढच्या ग्रामसभेच्या आत होण्यासारखं आहे.