लॅपटॉप घेताना : स्वस्त कोणता आणि परवडणारा कोणता?

मंडळी, पूर्वी पोर शिकायला बाहेरगावी निघाले की घरातून एक लोखंडी पेटी, वळकटी आणि फार तर हातघड्याळ मिळायचे. आता त्या यादीत लॅपटॉप आला आहे. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांवरून कोणी महाडच्या कॉलेजात जाते, कोणी लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात. प्रवेश झाला की पंधरा दिवसांत निरोप येतो, "बाबा, लॅपटॉप लागेल." बाबांची मिळकत म्हणजे भाताचे एक पीक, वरकस जमिनीवरची नाचणी-वरी आणि मुंबईहून भाऊ पाठवील ते. त्यातून तीस-चाळीस हजारांची वस्तू घ्यायची, आणि तीही आपल्याला न कळणारी!

पण हे न कळणे फार मोठे नाही. बैल घेताना आपण दात बघतो, खांदा बघतो, चार पावले चालवून बघतो. शिंगांच्या रंगाला भुलत नाही. लॅपटॉपलाही असेच दात-खांदे आहेत. ते तेवढे ओळखता आले की दुकानदार आपल्याला शिंगांचा रंग दाखवून माल विकू शकणार नाही.

आधी काम ठरवा. सातबारा काढणे, हवामान बघणे, बँकेतली शिल्लक पाहणे यासाठी लॅपटॉप लागत नाही, घरातला मोबाईल पुरतो. शिकणाऱ्याला टिपणे लिहायची असतील, हिशेबाचे तक्ते करायचे असतील, प्रोग्रॅमिंग शिकायचे असेल, तर मात्र लॅपटॉप हवा. यंत्रांची किंवा इमारतींची चित्रे काढायचा अभ्यासक्रम असेल तर जास्त ताकदीचे यंत्र लागते. त्याच कॉलेजात वरच्या वर्गात शिकणाऱ्या मुलांना विचारा, ते काय वापरतात. दुकानदारापेक्षा त्यांचा सल्ला खरा.

आता तपासायच्या गोष्टी. पहिली रॅम. रॅम म्हणजे खळे समजा. खळे लहान असले की एका वेळी थोडेच भारे झोडता येतात. ४ जीबीचे खळे आता अपुरे पडते. ८ जीबीच्या खाली जाऊ नका, आणि पुढे वाढवता येईल का हे विचारून घ्या. काही यंत्रांत रॅम आतच कायमची जोडलेली असते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, म्हणून कमी रॅमचा माल "आज स्वस्त" म्हणून गळ्यात मारला जाण्याचा संभव जास्त.

दुसरी साठवण. ही आपली कणगी. तिथे 'एसएसडी' हा शब्द असला पाहिजे आणि आकडा निदान २५६, जमल्यास ५१२ जीबी. अगदी स्वस्त यंत्रांत ६४ जीबीची 'ईएमएमसी' असते. ती वर्षा-दोन वर्षांत भरून जाते आणि यंत्र रेड्यासारखे बसते.

तिसरा प्रोसेसर. इथे नावापेक्षा पिढी बघा. 'आय-७' म्हणजे चांगला आणि 'आय-३' म्हणजे हलका, असे सरसकट नाही. जातिवंत बैल असला तरी म्हातारा झाला की नांगराला उपयोगी नाही. चौथ्या पिढीच्या आय-७ पेक्षा बाराव्या पिढीचा आय-३ बराच पुढे आहे. इंटेलच्या या नावांत पिढी पुढच्या आकड्यात लिहिलेली असते : आय-५ नंतर ८२५० असेल तर आठवी, १०२१० असेल तर दहावी. एएमडी कंपनीचा रायझेन-३ किंवा रायझेन-५ हाही चांगला पर्याय.

चौथा पडदा. '१९२० बाय १०८०' असा असावा, म्हणजे अक्षर स्वच्छ दिसते आणि रात्री वाचणाऱ्याचे डोळे शिणत नाहीत.

आता पैशांचा हिशेब मांडू. समजा, २०,००० रुपयांचे हलके यंत्र दोन वर्षांत निकामी झाले, तर वर्षाला १०,००० पडले. ३६,००० चे चांगले यंत्र पाच वर्षे चालले, तर वर्षाला ७,२०० आणि महिन्याला ६०० पडले. स्वस्त कोणते आणि परवडणारे कोणते, ते यातून दिसते.

एवढे पैसे नसतील तर जुना माल वाईट नाही. मोठ्या कंपन्या आपल्या कचेऱ्यांतील लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक अशी ही मजबूत बांधणीची यंत्रे दुरुस्त होऊन पंधरा-वीस हजारांच्या आसपास मिळतात. १८,००० चे यंत्र तीन वर्षे चालले तरी वर्षाला ६,००० च पडले. पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे मोजू नका. एक, पिढी आठवीच्या खाली नको. विंडोज-१० ची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली, आणि विंडोज-११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच्या यंत्रांवरच रीतसर चालते. दोन, दुकानदाराला बॅटरीचा अहवाल काढून दाखवायला सांगा. मूळ क्षमता ५०,००० आणि आताची ३०,००० असेल तर बॅटरी ६० टक्केच उरली. नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागा. तीन, यंत्राचा क्रमांक बिलावर लिहून घ्या आणि त्यावर जुन्या कंपनीचे कुलूप, म्हणजे पासवर्ड, शिल्लक नाही याची खात्री करा. बिल नसलेला माल चोरीचाही असू शकतो.

स्वस्त लॅपटॉपची एक कहाणी आपल्याच रायगड जिल्ह्यात घडली आहे. निकोलस निग्रोपॉण्टे नावाच्या अमेरिकेतील प्राध्यापकांनी २००५ मध्ये गरीब मुलांसाठी १०० डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. त्यातून तयार झालेली हिरव्या-पांढऱ्या रंगाची छोटी यंत्रे २००७ मध्ये खैरात या गावच्या एकशिक्षकी शाळेतील मुलांच्या हाती आली. भारतातला हा पहिला प्रयोग. ते यंत्र बनवणाऱ्यांनी वापरणाऱ्याचे घर डोळ्यांसमोर ठेवले होते. वीज थोडी लागावी, उन्हातही पडदा वाचता यावा, कळफलकात धूळ-पाणी जाऊ नये. परंतु किंमत काही १०० डॉलरवर राहिली नाही. जवळजवळ दुप्पट झाली. यातून दोन धडे घ्यायचे. वस्तू आपल्या घराला सोसणारी हवी, हा पहिला. आणि जगातल्या हुशार माणसांना जे भावात बसवता आले नाही, ते कोणी आठ-नऊ हजारांत "नवेकोरे" म्हणून देत असेल तर सावध राहावे, हा दुसरा.

आपले घर म्हणजे कोकणातले घर. चार महिने भिंतींना ओल, वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून बॅटरी निदान पाच-सहा तास टिकणारी बघा. गडगडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढून ठेवा. पावसाळ्यात यंत्र कपाटात आठ-आठ दिवस बंद ठेवू नका. रोज थोडा वेळ चालवले की आतली ओल सुकते. विजेच्या बिलाची चिंता नको : ६५ वॉटचा चार्जर रोज चार तास लावला तरी महिन्याला आठ युनिटच्या आत भागते. २२ जुलै २०२१ चा पाऊस आपण विसरलेलो नाही. महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरले, तळियेवर डोंगर कोसळला, आंबेनळीचा रस्ता तुटला. पाण्याने बिघडलेले यंत्र साध्या वॉरंटीत दुरुस्त करून मिळत नाही. म्हणून गुणपत्रिका, दाखले, अभ्यासाच्या फायली यांची एक प्रत पेनड्राइव्हवर नातेवाइकांकडे किंवा इंटरनेटवरच्या खात्यात ठेवा.

खरेदी करताना दुकानदाराला सरळ विचारा, "बिघाड झाला तर माल कुठे जाणार? महाडलाच, की पनवेल-मुंबईला? किती दिवस?" एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी हाही किमतीचाच भाग आहे. वरच्या वस्तू मात्र घेऊ नका. विषाणूपासून रक्षण विंडोजमध्ये आधीच असते. लिहिण्यासाठी व हिशेबासाठी लिबरऑफिस फुकट मिळते. मराठी कळफलकही आतच असतो, त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

हप्त्यांबद्दल जपून. "बिनव्याजी" म्हणतात, तेव्हा आधी रोखीची किंमत विचारा. ३६,००० च्या यंत्राला ३,००० आगाऊ आणि ३,००० चे १२ हप्ते असतील, तर एकूण ३९,००० झाले. वरचे ३,००० म्हणजे व्याजच, नाव काही असो. आणि मोबाईलवर "सरकार मोफत लॅपटॉप देते, येथे नोंदणी करा" असा निरोप आला तर आधार क्रमांक, बँकेचा क्रमांक मुळीच देऊ नका. असे अनेक निरोप पत्र सूचना कार्यालयाने खोटे म्हणून जाहीर केले आहेत.

शेवटी आयाबापांना एक विनंती. थोरल्याला लॅपटॉप आणि मुलीला "तू मोबाईलवर भागव", असे पुष्कळ घरांत घडते. २०२४-२५ पासून राज्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासन भरते. तुमची मुलगी यात बसत असेल तर त्या वाचलेल्या पैशांतून तिचे यंत्र घ्या. दोघे भावंडे शिकत असतील आणि एकच यंत्र परवडत असेल, तर वेळा वाटून द्या, आणि ते वाटप आईने करावे. ज्याची परीक्षा जवळ, त्याचा हक्क आधी.

दुकानात जाताना हा अंक बरोबर न्या, आणि ज्याला वापरायचे आहे त्या पोरालाही न्या. यंत्र चालू करून अर्धा तास त्याच्या हातात द्या. बिल घ्या, वॉरंटीचा कागद घ्या, आणि मगच पैसे मोजा.