खोटं नाणं, खरी चूक

आमच्या धंद्यात चूक झाली की रात्री दोनला फोन येतो. टांकसाळीत चूक झाली की साठ-सत्तर वर्षांनी तिचा लिलाव होतो. याला म्हणतात अन्याय! :)

तर मंडळी, आजचा विषय चुकलेली नाणी. 'मिंट एरर' म्हणतात ती. मी नाणी जमवतो हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, "मग, किती येतील त्याचे?" माझं म्हणणं एवढंच आहे, की हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न म्हणजे, "हे झालं कसं?" ज्याला पहिल्याचं उत्तर देता येत नाही, त्याने दुसरा विचारूच नये. का, ते सांगतो.

आधी जरा टांकसाळीत डोकावू. धातूच्या लांब पट्टीतून कोऱ्या चकत्या कापतात, त्या तापवून नरम करतात, कड उचलतात. मग चकती एका गोल कड्यात बसते, खाली एक डाय, वर एक डाय, आणि धाड! दोन्ही बाजू एकाच ठोक्यात उमटतात. हे सगळं मिनिटाला शेकडो नाण्यांच्या वेगाने. एवढ्या वेगात काहीतरी सटकणारच. चकती मध्यावर बसली नाही तर अर्धे सिंह नाण्याबाहेर जातात. डाय जागेवर फिरला तर मागची बाजू तिरकी येते. पट्टी नीट सरकली नाही तर आधीच्या भोकावरच पुन्हा पंच पडतो आणि चकतीची कड चंद्रकोरीसारखी खाल्लेली निघते. यातली बहुतेक नाणी तपासणीत पकडली जाऊन वितळवली जातात. जी निसटतात ती आपल्या खिशात येतात. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंगला चकवून प्रॉडक्शनमध्ये गेलेला बग.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. २००८ मध्ये तिथल्या नाण्यांचं डिझाइन बदललं. २० पेन्सच्या जुन्या नाण्यावर साल मागच्या बाजूला असायचं, नव्या डिझाइनमध्ये ते राणीच्या बाजूला आलं. आणि रॉयल मिंटमध्ये एका बॅचला राणीचा जुना डाय आणि मागचा नवा डाय अशी जोडी लागली. दोन्ही डाय आपापल्या जागी एकदम बरोबर, पण नाण्यावर साल कुठेच नाही! दोन मॉड्यूल्स वेगवेगळ्या व्हर्जनची, स्वतंत्रपणे दोन्ही पास, एकत्र केली की बोंब. ज्याने कधी रिलीज केलाय त्याला हे वाचून घाम फुटला असेल. अशी किमान पन्नास हजार नाणी बाहेर गेली. बातमी फुटल्यावर लोक इंटरनेटवर त्याचे हजारो पौंड मागू लागले. नंतर जोश ओसरला आणि भाव साधारण पन्नास-शंभर पौंडांवर स्थिरावला. टांकसाळीच्या लेखी मात्र ते कायम २० पेन्सच.

आता माझं नाणं. परवा-परवापर्यंत ते आमच्या देवघरात होतं. आरतीच्या ताटात टाकायला आई सुट्ट्या पैशांचा एक डबा ठेवते, त्यात. स्टीलचा जुना एक रुपया, १९९२ नंतर आला तो, पंचवीस मिलिमीटरचा. एका बाजूला नेहमीसारखे सिंह. दुसऱ्या बाजूला रुपयाचा आकडा, धान्याची कणसं आणि साल असायला हवं. तिथेही सिंहच, पण उलटे आणि आत खोल गेलेले, साच्यासारखे. 'भारत' आरशातला.

"आई, हे कुठून आलं?"

"ते होय? खोटं आहे ते. वाणी घेईना, म्हणून देवाला ठेवलं."

देवाला सगळं चालतं हे खरंच. :)

ते घेऊन मी पेठेतल्या ओळखीच्या नाणेवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं, नाणं उलटंपालटं केलं, आणि किंमत सांगायच्या ऐवजी मलाच विचारलं, "अरे इंजिनिअर ना तू? मग सांग, हे झालं कसं?"

पूर्ण शनिवार त्यात गेला. उत्तर असं: आधीचं नाणं ठोकलं गेलं पण मागच्या डायला चिकटून बसलं, बाहेर पडलंच नाही. त्यावर नवी कोरी चकती आली. पुढच्या डायने तिच्यावर नेहमीचे सिंह उमटवले. मागचा डाय मात्र चिकटलेल्या नाण्याने झाकला होता, म्हणून त्या बाजूला त्याच नाण्याच्या सिंहांचा उलटा ठसा बसला. याला ब्रॉकेज म्हणतात, आपल्याकडच्या संग्राहकांच्या बोलीत 'लाखी'. चिकटलेलं नाणं ठोके खाऊन पसरत जातं, त्यामुळे नंतरच्या नाण्यांवर उलटा ठसा मोठा आणि पुसट होतो. माझ्यावरचा ठसा रेखीव आहे, म्हणजे तो पहिल्या एक-दोन ठोक्यांतला असणार. साल मात्र कळायला मार्ग नाही. टांकसाळही नाही, कारण मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचं टिंब ही चिन्हं सालाच्या खाली असतात (कोलकात्याचं चिन्हच नसतं). रुपया माझ्या वयाचा असावा, पण जन्मतारीख आणि जन्मगाव दोन्ही गायब.

काकांचा पुढचा प्रश्न: "आणि हे कोणी घरी बनवलेलं नाही कशावरून?" फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण ज्या व्हाइसमध्ये जॉब घासला, त्यात दोन नाणी एकमेकांवर दाबली की असाच उलटा ठसा येतो. पण मग त्या ठशाखाली नाण्याचं मूळ डिझाइन थोडंफार शिल्लक राहतं, आणि दुसरी बाजू व्हाइसच्या जबड्याने चपटी होते. माझ्या नाण्यावर खाली काही नव्हतं, वरचे सिंह उठावदार होते. वजन पाहिलं, ४.८५ ग्रॅम असायला हवं, तेवढं भरलं. तेव्हा कुठे काका म्हणाले, "खणखणीत आहे." मग त्यांनी जो आकडा सांगितला त्यात चौघांचं बऱ्यापैकी हॉटेलात जेवण झालं असतं. बस्स. मी नाणं विकलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप चार जेवणांसाठी? इथेच माझा खरा मुद्दा आहे.

आमच्या बिल्डिंगच्या वॉचमन मामांकडे वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं होतं. नाण्यावर साल २०१२. सरकारने रीतसर काढलेलं, चलनात आलेलं, त्यात चूक वगैरे काही नाही. 'हे नाणं असेल तर तुम्ही लखपती' असा व्हिडिओ मामांनी पाहिला, खालच्या नंबरवर फोटो पाठवला. समोरून लगेच होकार, लाखोंचा. मग रजिस्ट्रेशनचे पैसे, मग टॅक्सचे, मग रिझर्व्ह बँकेचा शिक्का मारलेलं एक पत्र आणि त्याचेही पैसे. मामांचे अकरा हजार गेले. महिन्याचा जवळजवळ सगळा पगार. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर सांगितलं आहे, की अशा व्यवहारांत आपला काही संबंध नाही, आपण कसलंही कमिशन घेत नाही आणि कुणाला नेमलेलंही नाही. पण ते निवेदन मामांपर्यंत पोचलं नाही. व्हिडिओ पोचला.

मामा मूर्ख नाहीत. त्यांनी फक्त दुसरा प्रश्न आधी विचारला, कारण आपण सगळे तोच विचारतो. समोरच्या माणसाने 'हे नाणं दुर्मिळ का?' हे एकदाही सांगितलं नाही, आणि मामांनाही ते विचारावंसं वाटलं नाही. काकांनी माझं नाणं हातात घेतलं, तोललं, शंका काढल्या. त्या भामट्याला नाणं बघायचंच नव्हतं. खरं गिऱ्हाईक नाण्याबद्दल विचारतं, भामटा खात्याबद्दल.

"पण सगळ्यांनी ब्रॉकेज कुठे शिकायचं?" मान्य. एवढं शिकायची गरजही नाही. घरच्या घरी तीन गोष्टी करता येतात. वजन करा. चुंबक लावा. आणि नाणं वर-खाली दोन बोटांत धरून फिरवा: आपल्या नाण्यांची मागची बाजूही सरळच दिसायला हवी. यातलं काही जुळलं नाही तर पुढे शोधा, सगळं जुळलं आणि नाण्यावर फक्त ओरखडे असतील तर ते गाडीखाली आलेलं नाणं आहे, चहा प्या.

चुंबकाची गोष्ट गमतीची आहे. १९४३ मध्ये युद्धासाठी तांबं हवं म्हणून अमेरिकेने सेंटची नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची पाडली. पण थोड्या जुन्या, तांब्याच्या मिश्रधातूच्या चकत्या मागे राहिल्या होत्या, त्यांच्यावरही ठसे बसले. लगेच लोकांनी पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा देऊन नकली नाणी बनवली. ती ओळखायची कशी? चुंबकाला चिकटतात! मॅसेच्युसेट्समधल्या एका सोळा वर्षांच्या मुलाला १९४७ मध्ये शाळेच्या कँटीनच्या सुट्ट्या पैशांत खरा सेंट मिळाला. सरकारी उत्तर होतं की असं नाणं पाडलेलंच नाही. (आम्ही याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतो.) त्याने ते आयुष्यभर जपलं. तो गेल्यावर २०१९ मध्ये लिलावात त्याला २,०४,००० डॉलर आले. पैसे आले ते खरं, पण सत्तर वर्षं ते त्याच्याकडे राहिलं ते पैशासाठी नाही. आपल्याकडे काय आहे याची त्याला खात्री होती, म्हणून.

हल्ली चहाचे दहा रुपयेही आपण स्कॅन करून देतो, नाणी हातात येतच नाहीत. म्हणजे अशी चूक सापडायची शक्यता आणखी कमी, आणि लखपती करणाऱ्या व्हिडिओंना मैदान मोकळं. तेव्हा एक काम करा. घरात सुट्ट्या पैशांचा एखादा डबा नक्की असेल. या रविवारी तो उघडा, आईला नाहीतर आजोबांना सोबत घ्या. काही विचित्र दिसलं तर किंमत शोधायच्या आधी ते कसं झालं असेल यावर घरात वाद घाला. आणि बिल्डिंगमधल्या मामांनाही एवढं सांगून ठेवा, की नाणं विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही.