बोट लागली!

‘डंकर्क’ टीव्हीवर बघणाऱ्याला नोलानचे भक्त माणसात धरत नाहीत. २०१७च्या जुलैत तो आला तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या एका सज्जनाने आयमॅक्सच्या पहिल्या शोसाठी ऑफिसात चक्क व्हायरल फीव्हर जाहीर केला होता. तो म्हणतो, एवढाल्या पडद्याशिवाय आणि छातीत घुमणाऱ्या आवाजाशिवाय हा सिनेमा म्हणजे चहाशिवाय खारी. असेलही. पण मी तो परवा मुरुडला बघितला. आत्याच्या ओटीवर, ४३ इंची टीव्हीवर, जेवणानंतर, आणि तोही अशा लोकांच्या सोबतीने ज्यांना नोलान म्हणजे एखाद्या गोळीचं नाव वाटलं असतं.

मुरुड म्हणजे दापोलीचं हं, जंजिऱ्याचं नव्हे. हा खुलासा आत्याला दर शनिवारी फोनवर चार-पाचदा करावा लागतो, कारण तिच्याकडे खोल्या बुक करणारे निम्मे लोक आधी ‘किल्ल्यात जायला बोट कितीला?’ हेच विचारतात. बरं, किल्ला इथेही आहे. शेजारच्या हर्णैसमोर भर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि पुढे त्याच्या बायकोने त्याची आठवण म्हणून लंडनमध्ये त्याच नावाचा, म्हणजे इंग्रजांच्या जिभेला झेपेल तसा ‘सेव्हर्नड्रूग’ नावाचा मनोरा बांधला. तो अजून आहे. पण टुरिस्टला जंजिराच हवा असतो, त्याला आत्या तरी काय करणार?

तर त्या रात्री आम्ही चौघं. आत्या, काका, मी आणि चाचा. चाचा हर्णैचे. काकांचे जुने दोस्त. आत्याच्या खानावळीला लागणारी सुरमई तेच हर्णैच्या लिलावातून आणून देतात. उशीर झाला तर जेवूनच जातात. मला सोमवारी एका वेबसाइटला ‘घरी बसून बघावेत असे दहा युद्धपट’ छापाचा लेख द्यायचा होता (फ्रीलान्सरचं आयुष्य असंच असतं, हसू नका), म्हणून मी ‘डंकर्क’ लावला. कुणी उठून गेलं नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मे १९४०. जर्मनांनी ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांना रेटत रेटत फ्रान्सच्या उत्तर टोकाला, डंकर्कच्या किनाऱ्यावर आणून कोंडलं. समोर समुद्र, पलीकडे इंग्लंड. २६ मे ते ४ जून या दिवसांत ३ लाख ३८ हजार २२६ माणसं तिथून बाहेर काढली गेली. सिनेमा इतकाच. नोलान त्याचे तीन पदर करतो. धक्क्यावरचा एक आठवडा, समुद्रावरचा एक दिवस आणि विमानातला एक तास, तिन्ही एकमेकांत विणलेले. शत्रू जवळजवळ दिसतच नाही. हीरोचं गाव, प्रेयसी, आईचं पत्र वगैरे काही नाही. डायलॉग इतके कमी की सबटायटल्सवाल्याने अर्ध्या पैशात काम केलं असावं.

शहरातल्या मित्रांबरोबर हा सिनेमा बघितला की पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी हमखास विचारतं, ‘अरे, ती मोठी जहाजं सरळ किनाऱ्याला का नाही लागत?’ आत्याच्या ओटीवर हा प्रश्न कुणालाच पडला नाही. डंकर्कचा किनारा उथळ आहे, पाणी लांबपर्यंत कमरेइतकंच, म्हणून मोठी जहाजं दूर उभी आणि माणसं नेणाऱ्या छोट्या होड्यांच्या फेऱ्या. हे आत्याला कुणी समजावून सांगावं? तिचं बालपण भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटीत गेलंय. बोट हर्णैला लांब समुद्रात उभी राहायची, मग पडाव यायचे. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी पोरांना बखोटीला धरून खाली घ्यायचे. ‘ट्रंका आधी की माणसं आधी यावरनं भांडणं व्हायची,’ आत्या म्हणाली. ‘आणि तुझ्या बापाला प्रत्येक वेळी बोट लागायची. बाणकोट आलं की सुरू!’ हर्णैत मासळीही वर्षानुवर्षं अशीच येत आलीये, बोटी पाण्यात उभ्या आणि बैलगाड्या चाकं बुडेपर्यंत आत.

त्यामुळे आमच्याकडे ‘डंकर्क’ हा युद्धपट कमी आणि बंदराचा सिनेमा जास्त झाला. काका वाऱ्याबद्दल बोलत होते. चाचांनी त्या डच ट्रॉलरला बघताक्षणी सांगितलं, ‘ही आता भरती आल्याबिगर हलायची नाही.’ सिनेमात एका ठिकाणी भरती सुरू झाली हे कसं ओळखायचं ते दाखवलंय. बुडालेल्यांची प्रेतं किनाऱ्याकडे परत यायला लागतात. थिएटरमध्ये तिथे काय होतं मला माहीत नाही. ओटीवर आत्याने टीव्हीकडे पाठ केली आणि ताटं उचलायला आत गेली.

आता ‘रिअलिस्टिक’ या शब्दाबद्दल. या सिनेमाच्या प्रत्येक परीक्षणात तो आहे. नोलानने खऱ्या डंकर्कच्या किनाऱ्यावर शूटिंग केलं, १९४० मध्ये प्रत्यक्ष गेलेल्या काही होड्या पुन्हा पाण्यात उतरवल्या, खरी विमानं उडवली आणि गर्दी दाखवायला ग्राफिक्सऐवजी पुठ्ठ्याचे सैनिक उभे केले. सगळं मान्य. पण छोट्या होड्यांच्या मालकांनी इंग्लंड वाचवलं, ही गोष्ट जितकी गोड आहे तितकी सरळ नाही. साधारण ९९ हजार माणसं वाळूच्या किनाऱ्यांवरून निघाली आणि जवळपास २ लाख ३९ हजार धक्क्यावरून आणि बंदरातून, बहुतेक थेट मोठ्या जहाजांवर. बऱ्याच छोट्या होड्या नौदलानेच ताब्यात घेऊन आपल्या माणसांकरवी चालवल्या. मार्क रायलन्सने रंगवलेल्या डॉसनसारखे स्वतः सुकाणू धरून गेलेले लोकही होते. ‘टायटॅनिक’वरून वाचलेला सेकंड ऑफिसर चार्ल्स लाइटोलर स्वतःची बोट घेऊन गेला आणि सव्वाशेहून जास्त माणसं घेऊन परतला. म्हणजे एकाच माणसाच्या नशिबी दोन सिनेमे!

आणि आपण? आपण पडद्यावर नाही. हिंदुस्थानी सैन्याच्या खेचरांच्या चार कंपन्या १९३९च्या डिसेंबरात फ्रान्सला गेल्या होत्या, बहुतेक जवान पंजाबी मुसलमान. एक कंपनी जर्मनांच्या हाती सापडली, बाकीचे जवान निघाले, खेचरं मात्र मागे सोडावी लागली. २०१७ मध्ये यावरून नोलानवर बरीच टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. याच युद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर रत्नागिरी जिल्ह्यातले खलाशी डेकवर राबत होते. मुंबईत डेकच्या कामाला कोकणातलीच माणसं घ्यायची पद्धत होती. जहाजांवरचे सहा हजारांहून जास्त हिंदी खलाशी त्या युद्धात गेले. हे मी सांगितलं तेव्हा चाचा सहज म्हणाले, ‘आमच्या मोहल्ल्यात असली घरं आहेत की.’ आणि पुन्हा टीव्हीकडे बघायला लागले.

तेवढ्यात लाइट गेली. कोकणात लाइट नेमकी क्लायमॅक्सला जाते, हा तर नियमच आहे. टीव्ही इन्व्हर्टरवर नाही. ओटीवर एकच दिवा. गाज एकदम मोठी झाली. काकांनी विचारलं, ‘काय रे, तुझं कुवेत असंच होतं का?’

मला माहीतच नव्हतं. मी चाचांना लहानपणापासून फक्त मासळीवाले चाचा म्हणून ओळखते. ते कुवेतमध्ये ड्रायव्हर होते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा घुसल्या तेव्हा ते २६ वर्षांचे होते, म्हणजे आता माझ्याएवढेच.

‘एअरलिफ्ट’ तुम्ही बघितला असेल. २०१६चा, अक्षय कुमारवाला. त्यात एक बिझनेसमन सगळ्यांना सोडवतो. प्रत्यक्षात असा एकच एक माणूस नव्हता, आणि परराष्ट्र खात्यानेही तेव्हा सिनेमावर नाराजी दाखवली होती. खरी गोष्ट आकड्यांतच जास्त थरारक आहे. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर १९९०, एअर इंडियाची ४८८ उड्डाणं, अम्मान ते मुंबई, १ लाख ११ हजार ७११ माणसं. गिनेस बुकात नोंद आहे. सगळ्या मार्गांनी मिळून जवळपास १ लाख ७० हजार भारतीय बाहेर पडले. पण अम्मानपर्यंत पोचायचं कसं? बसने बसरा, तिथून बगदाद, मग जॉर्डनची सरहद्द आणि वाळवंटात तंबू.

‘सिनेमात ते पोरगं रांगेत उभं राहतं बघ, एका रांगेतनं दुसऱ्या रांगेत,’ चाचा म्हणाले. ‘ते अगदी खरं आहे. बॉम्ब वगैरे मी काही जास्त बघितला नाही. मी रांगच बघितली. पाण्याची, रोटीची, नाव लिहायची. रांगेत माणूस बोलत नाही. समोरच्याची मान बघतो.’

लाइट आली. सिनेमा पुढे सुरू झाला आणि नेमका तो प्रसंग आला. (पुढचं वाचू नका, बघायचा असेल तर. किंवा वाचा, या सिनेमाला स्पॉयलरने फारसं काही होत नाही.) ट्रॉलर वाळूत रुतलेला, आत लपलेले सैनिक, बाहेरून गोळ्या, आत पाणी. कुणीतरी म्हणतं, वजन कमी करायला हवं, एकाने उतरावं. आणि सगळ्यांची नजर जातो-न-जातो तोच तोंड न उघडणाऱ्या एका पोराकडे वळते. तो इंग्रज नसतोच. मेलेल्या इंग्रजाचे कपडे घालून रांगेत शिरलेला फ्रेंच असतो. मघाशी त्यानेच यांच्यातल्या काहींना बुडत्या जहाजातून दार उघडून वाचवलेलं असतं.

चाचांनी रिमोट मागितला आणि सिनेमा थांबवला. रिमोट हातातच ठेवला.

‘आमच्या खोलीत एक बांगलादेशी होता. तीन वर्षं एका खोलीत. माझ्यापेक्षा चांगलं हिंदी बोलायचा. सरहद्दीवर त्यांच्या लोकांची विमानं काही येत नव्हती, आमची येत होती. तर तो आमच्याबरोबर रांगेत उभा राहिला. आम्ही सहा जण होतो. कुणी काही म्हणालं नाही. मग नावं लिहिणाऱ्याच्या आधी दहा-बारा माणसं उरली तेव्हा मागनं कुणीतरी विचारलं, हा कुठला? कुठलं गाव?’

‘मग?’ आत्याने विचारलं. ती कधी परत येऊन बसली होती कुणाला कळलं नाही.

‘मग काय. त्याने माझ्याकडे बघितलं. मी हर्णै म्हटलं असतं तर चाललं असतं. बिगर पासपोर्टचे कितीतरी होते.’

पुढे ते काही म्हणाले नाहीत. काकांनी तंबाखूची डबी पुढे केली. मी पत्रकार आहे, पुढचा प्रश्न विचारणं हे माझं कामच आहे, पण काही वेळा आपल्या आत्याच्या घरात आपण फक्त भाची असतो.

सिनेमा संपताना वाचलेले सैनिक आगगाडीत बसलेले असतात आणि त्यातला एक मान वर करत नाही. त्याला वाटतं, हरून पळून आलो, आता लोक तोंडावर थुंकतील. प्रत्यक्षात लोक खिडकीतून खायला-प्यायला देतात. चाचा मुंबईला उतरले तेव्हा हातात एक प्लास्टिकची पिशवी होती. एसटीने हर्णैला आले. गल्फहून येणाऱ्या माणसाकडे कोकणात सगळे पहिल्यांदा सामानाकडे बघतात, टेपरेकॉर्डर, ब्लँकेटं, अत्तर. ‘कोणी काही म्हणालं नाही,’ चाचा म्हणाले. ‘म्हणाले नाहीत, तेच जास्त.’ खिशातल्या कुवेती दिनारांना तेव्हा कोणी हात लावेना. दोन वर्षांनी ते पुन्हा कुवेतला गेले, त्याच कामावर. कर्ज होतं, बहिणीचं लग्न होतं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाईचे डॉलर आले, त्यातून घराला स्लॅब पडली. ती भरपाई इराक २०२२ पर्यंत फेडत होता, एकूण ५२.४ अब्ज डॉलर. एका युद्धाची नुकसानभरपाई माझ्या जवळपास अख्ख्या आयुष्यभर चालू होती आणि मला पत्ता नव्हता. आम्हाला मास कॉमला गल्फ वॉर शिकवलं होतं, पण सीएनएनच्या लाइव्ह कव्हरेजचा धडा म्हणून.

साडेअकरा झाले होते. चाचांनी टॉर्च मागितला. पायऱ्या उतरताना मला म्हणाले, ‘पोरी, त्या फ्रेंच पोराचं नाव काय ग होतं?’

मी फोनवर शोधलं. गिब्सन. पण ते त्याच्या अंगावरच्या कपड्यांचं, म्हणजे मेलेल्या इंग्रजाचं नाव. त्याचं स्वतःचं नाव सिनेमात कुठेच नाही.

‘मला त्याचं ठाऊक आहे,’ चाचा म्हणाले. ते कुणाबद्दल बोलत होते हे कळायला मला फाटकापर्यंत जावं लागलं. तोवर त्यांनी स्कूटर सुरू केली होती.

लेख मी सोमवारी दिला. दहा सिनेमांत ‘डंकर्क’ तिसरा. तुम्हीही घरी बघणार असाल तर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आवाज शेजाऱ्यांना चालेल तेवढा वाढवा, १०६ मिनिटांचाच आहे. सबटायटल्स लावाच, इंग्रजांचं इंग्रजी कळत नाही. आणि घरात कुणी गल्फहून परत आलेलं असेल तर त्यांना बोलवा. जेवण आधी उरकून घ्या.